पाठमोरा क्रूस

मंगळवार, ३ ऑक्टोबर १९६७

सकाळी धुके, दहानंतर स्वच्छ. वारा पश्चिमेचा.

फादर डेव्हानी यांनी चर्चच्या जुन्या नोंदवह्या जाळण्यासाठी मागील अंगणात काढून ठेवल्या होत्या. त्यांतील ही निम्मी कोरी होती. ती मी रीतसर विचारून घरी आणली. कोरा कागद जाळणे मला मान्य नाही.

एक्केचाळीस वर्षे मी किलडॉर्ननच्या चर्चची घंटा वाजवली, मेणबत्त्या लावल्या, फादरांचे झगे घडी करून ठेवले आणि रोजची नोंद केली. कोणती मिस्सा, किती मेणबत्त्या, हवा कशी. गेल्या इस्टरला फादर डेव्हानी यांनी वेदी उलट फिरवली आणि मला विश्रांती घ्यावयास सांगितले. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच आठवड्यात केल्या. मी विश्रांती मागितलेली नव्हती. माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. परंतु मिस्सेतील लॅटिनचे एकही उत्तर मी कधी चुकलो नाही, आणि आता लॅटिनच काढून टाकले आहे.

परवा रविवारच्या मिस्सेत फादरांनी “आपल्या गावातील एका आजारी माणसासाठी” प्रार्थना करण्यास सांगितले. नाव घेतले नाही. देवाला नाव ठाऊक असते हे खरे, परंतु गावाला ते सांगावे लागते. मी थक्क झालो. माझ्या वेळी आजाऱ्याचे नाव, वाडीचे नाव, सर्व स्पष्ट वाचले जात असे. माझ्या पुढच्या बाकावरील लोकांनी मागे वळून माझ्याकडे पाहिले आणि लगेच मान खाली घातली. निदान त्यांना तरी या हलगर्जीपणाची लाज वाटली.

शनिवार, ७ ऑक्टोबर

पाऊस थांबून थांबून.

आईचे पांढरे लिननचे कापड कपाटात नाही. वर्षातून एकदा, घरात मिस्सा असते तेव्हाच ते निघते. धाकटी बहीण नोनी माझे घर सांभाळते. ती सहासष्ट वर्षांची आहे. तिला विचारले.

“धुवायला टाकलंय,” ती म्हणाली.

“वापरलं कधी, धुवायला टाकायला?”

“न वापरलेलंही पिवळं पडतं, बार्टली. माणसासारखंच.”

“आणि आशीर्वादित दोन मेणबत्त्या?”

“उंदरांनी खाल्ल्या असतील.”

“पितळी शमादानांसकट?”

“ती घासायला दिलीत. तू चहा घे बघू, गार होतोय.”

तिने खरे सांगितले असे मला वाटत नाही. बहुधा तिने शमादान पाडून त्याला पोचा आणला असावा आणि ते गुपचूप ठोकून घेण्यास दिले असावे. मी पुढे विचारले नाही. स्त्रियांना अशा गोष्टींवरून अडचणीत आणू नये.

बुधवार, ११ ऑक्टोबर

दुकानात गेलो तेव्हा आत बरीच माणसे बोलत होती. मी शिरताच सर्वजण गप्प झाले. पोस्टमन पाकी शिव्हननने तर टोपी काढली. एक्केचाळीस वर्षांच्या सेवेचा मान लोक अजून विसरलेले नाहीत, हे येथे समाधानाने नोंदवतो.

नोनी हल्ली लिंबे आणते. खोकल्यासाठी, म्हणते. तिचा खोकला मी ऐकलेला नाही. दुपारी झाकणाच्या डब्यात सूप घेऊन ती कुठेतरी जाते आणि चहाच्या वेळेला परत येते. एका बाळंतिणीसाठी, म्हणाली. या वाडीत कोणी बाळंत झाल्याचे मला ठाऊक नाही. परंतु आता मला सर्व कोठे कळवले जाते?

सोमवार, १६ ऑक्टोबर

फादर डेव्हानी स्वतः घरी आले. चर्चच्या हॉलमध्ये चित्रांचे प्रदर्शन भरणार आहे. चित्रे मिस ॲट्रॅक्टा फिनेरन यांची. त्या आपल्या गावच्याच, जुन्या मास्तरांची मुलगी. डब्लिनला शिकल्या, पुढे पॅरिसला. आता परत येऊन नदीपलीकडच्या बंद शाळेत राहतात आणि तेलरंगाने चित्रे काढतात. हॉलची किल्ली सांभाळण्यासाठी आणि चित्रांना कोणी हात लावू नये हे पाहण्यासाठी भरवशाचा माणूस हवा होता.

“तुमचंच नाव सुचलं, मिस्टर मॅनियन,” फादर म्हणाले.

कोणाला सुचले ते त्यांनी सांगितले नाही. नोनी त्या वेळी इस्त्री करत होती. तिने मान वर केली नाही. मी विचार करून कळवतो असे सांगितले आणि फादर फाटकापर्यंत पोहोचण्यापूर्वी होकार दिला.

गुरुवार, १९ ऑक्टोबर

आज जेवताना नोनीने असा प्रश्न विचारला की माझ्या हातातील काटा खाली पडला.

“पलीकडून कधी निरोप आला, तर घेशील का रे?”

मी तिला या घरातील नियमाची आठवण करून दिली. ही वही माझ्यानंतर कोणी वाचली तर गैरसमज नको, म्हणून तो नियम येथे एकदाच लिहितो.

नदीपलीकडे एक माणूस राहतो. तो माझ्याच आईच्या पोटचा आहे, माझ्याहून तीन वर्षांनी धाकटा, अविवाहित. फेब्रुवारी १९४५ मध्ये आमचे वडील वारले. मृताला दफनभूमीत लांबच्या रस्त्याने नेतात. घाईने कोणी आपल्या माणसाला बाहेर काढत नाही. वडिलांची शवपेटी लोहारशाळेवरून, आईच्या माहेरावरून जावयाची होती. मी हातघंटा घेऊन लोहारशाळेपाशी उभा राहिलो. गारा पडत होत्या. दोन तास दहा मिनिटांनंतर मला कळले की त्या माणसाने पेटी पीट, म्हणजे दलदलीतले जळण, वाहणाऱ्या लॉरीवर चढवली आणि जवळच्या पुलावरून नेली. मी पोहोचलो तेव्हा खड्डा बुजवला गेला होता. सर्व गावाने मला रिकाम्या रस्त्यावर घंटा वाजवताना पाहिले होते.

त्या दिवसापासून त्याचे नाव माझ्यासमोर कोणी घ्यावयाचे नाही, त्याच्याविषयी चांगली वा वाईट बातमी मला सांगावयाची नाही, निरोप आणावयाचा नाही, असे मी सर्वांना बजावले. बावीस वर्षे गावाने ते पाळले आहे. नोनीनेही पाळले आहे.

“नियम म्हणजे नियम,” मी म्हणालो.

“हो,” ती म्हणाली, “तू किल्ली नीट ठेवलीस ना? रविवारी चष्मा घेऊन जा.”

रविवार, २२ ऑक्टोबर

प्रदर्शन उघडले. मी दाराशी खुर्ची घेऊन बसलो, गळ्यात टाय होता. चष्मा घरी राहिला.

एकवीस चित्रे. माझे मत कोणी विचारले नाही, तरी लिहून ठेवतो. मला धक्का बसला. पेअर फळे चौकोनी आहेत. एका माशाला शेपटी नाही. टेबले अशी तिरकी की वरील सर्व वस्तू घरंगळून लोकांच्या बुटांवर पडाव्यात. हे शिकण्यासाठी पॅरिसला जावे लागते!

समोरच्या भिंतीवर सर्वांत मोठे चित्र आहे. दारातून ते सगळे पांढरे दिसते, मधोमध एक काळी काठी उभी. यादीत त्याचे नाव “पांढरे टेबल”. लोक त्याच्यापुढे बराच वेळ थांबत होते.

“मला विचाराल तर ही होडी आहे,” पाकी म्हणाला. “ती काठी म्हणजे डोलकाठी. भोवती धुकं.”

“होडी असती तर पाणी दिसलं नसतं का?” दुकानदारीण म्हणाली.

“धुक्यात कधी पाणी दिसतं का बाई? धडकल्यावर कळतं.”

“आणि तो पिवळा ठिपका?” दुकानदारिणीने विचारले.

“सूर्य. मावळतोय. किंवा रंग सांडलाय.”

मिस फिनेरन कोपऱ्यात उभ्या राहून हसत होत्या. त्यांनी मला दोनदा विचारले, “तुम्ही आत येऊन बघत नाही, मिस्टर मॅनियन?” मी सांगितले की राखणदाराची जागा दाराशी असते.

एका पाहुण्याने माशाला बोट लावले. मी त्याला सर्वांसमक्ष समज दिली. रंग अजून ओला आहे. तेलरंग वाळण्यास आठवडे लागतात, असे त्या म्हणाल्या.

मंगळवार, २४ ऑक्टोबर

सकाळपासून स्वच्छ ऊन. आता हे लिहिताना चार वाजले आहेत.

जे घडले ते क्रमाने लिहितो.

काल हॉल बंद होता. आज दुपारी एक वाजता उघडला. कोणी आले नव्हते. चष्मा बरोबर होता. नोनीनेच तो माझ्या कोटाच्या खिशात घातला होता. खिडक्या तपासत मी आत गेलो आणि त्या मोठ्या चित्रापुढे पहिल्यांदा उभा राहिलो.

ती होडी नाही.

एक लहान टेबल आहे. त्यावर पांढरे कापड. दोन मेणबत्त्या, न पेटवलेल्या. काचेच्या पेल्यात पाणी, शेजारी चमचा. बशीत पावाचा मऊ गर आणि लिंबाची एक फोड. दुसऱ्या बशीत कापसाचे बोळे. रंग जाड थापलेला आहे, कडा वाकड्या आहेत, बशीला बशी म्हणावे असे तिच्यात काही नाही. तरीही मी ते बोळे मोजले. सहा. डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय.

हे टेबल मी आयुष्यात तीनशे वेळा तरी मांडून घेतले असेल. मरणपंथावरील माणसाला फादर अखेरचे तेल लावतात, तेव्हा ते खाटेशेजारी मांडतात. कापसाने तेल पुसावयाचे, पावाने आणि लिंबाने फादरांनी बोटे स्वच्छ करावयाची. रविवारी सर्व गाव याच्यापुढे उभे राहून डोलकाठी आणि सूर्य पाहत होते. की पाहत असल्याचे सांगत होते, हे आता मला ठरवता येत नाही.

मग मी कापडाचा कोपरा पाहिला. तेथे रफू आहे. रंगाचे तीन आडवे फटकारे आणि त्यांवर दोन उभे. ते रफू आईने चुलीची ठिणगी पडल्यावर केले होते. ते कापड आमचे आहे.

चित्राच्या खालच्या कडेला लोखंडी खाटेची दांडी आहे, तिच्या निळ्या रंगाचे पोपडे उडालेले. त्या खाटेवर आम्ही दोघे भाऊ लहानपणी झोपत असू. घर वाटले गेले तेव्हा ती पलीकडे गेली.

मी बोट लावले. मी, किल्लीचा माणूस! माझे बोट लिंबावर टेकले आणि पिवळे झाले.

“टर्पेंटाइननं निघेल,” मागून मिस फिनेरन म्हणाल्या. त्या केव्हा आल्या, मला कळले नाही.

“हे कुणाच्या घरी?” मी विचारले. वास्तविक मला ठाऊक होते.

“नाव घेतलेलं चालेल तुम्हाला?”

मी चष्मा काढून पुसला. त्यांनी नाव घेतले नाही. “शेजारीच राहते ना मी,” त्या म्हणाल्या. “सप्टेंबरच्या शेवटी फादरांना बोलावलं. ते गेल्यावर मी सूप घेऊन आत गेले. खिडकीतून ऊन त्या टेबलावर आलं होतं. इतक्या तऱ्हेचं पांढरं मी कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, हे मोडू नका. त्यांनी आजवर मोडू दिलं नाही.”

“म्हणजे ते... आहेत?”

“आहेत. पण फार दिवस नाहीत, मिस्टर मॅनियन.”

मी पुन्हा चित्राकडे पाहिले, कारण दुसरीकडे कोठे पाहावे ते कळेना. आणि तेव्हा ती चूक माझ्या ध्यानात आली. मधोमध जी काळी काठी आहे तो क्रूस आहे, परंतु पाठमोरा. मागची पितळी कडी स्पष्ट दिसते. म्हणजे मूर्तीचे तोंड भिंतीकडे आणि पाठ आजाऱ्याकडे!

“हे कोणी असं ठेवलं?” मी विचारले. माझा आवाज वर गेला. “मूर्तीचं तोंड आजाऱ्याकडे असतं. त्याची नजर तिच्यावर पडावी म्हणून तर क्रूस ठेवायचा. फादर डेव्हानींनी ठेवला?”

“नाही. फादर गेल्यावर त्यांनीच फिरवला. मी म्हटलंही, समोरून जास्त चांगला दिसेल. म्हणाले, असाच काढ. कुणालातरी हे बघून राहवणार नाही. आणि मग खोकला येईपर्यंत हसत होते.”

आजाराने माणसाचे डोके ठिकाणावर राहत नाही, याची मला फार खंत वाटली.

हॉलला कुलूप लावून घरी आलो. नोनी बटाटे सोलत होती.

“किती दिवस?” मी विचारले.

तिने सुरी खाली ठेवली. काय ते तिने विचारले नाही. “पोटात गाठ आहे. ऑगस्टपासून.”

“सगळ्यांना ठाऊक होतं?”

“सगळ्यांना.”

“रविवारी तो एक आजारी माणूस...”

“फादर म्हणाले, नाव घेऊ का? मी म्हटलं, पहिल्या बाकांत माझा भाऊ बसतो, त्याच्यासमोर नाव घ्यायचं नाही.”

“तू मला सांगायचं होतंस!”

“कसं सांगायचं होतं, बार्टली?” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते. “चांगली नाही, वाईट नाही, निरोप नाही. तूच म्हणालास. गुरुवारी पुन्हा विचारलं, तर काटा उचललास आणि नियम सांगितलास. मी आणखी काय करायला हवं होतं?”

मी हात धुवावयास गेलो. बोटावरील पिवळा रंग घासूनही पूर्ण गेलेला नाही.

बुधवार, २५ ऑक्टोबर

मी पलीकडे गेलो, ते भेटीसाठी नव्हे. हे स्पष्ट लिहून ठेवतो. या गावात एखाद्या आजाऱ्याच्या उशाशी क्रूस उलटा ठेवलेला आहे हे ठाऊक असताना एक्केचाळीस वर्षे सेवा केलेला माणूस घरी बसू शकत नाही. निवृत्तीने माहिती निवृत्त होत नाही.

नोनी पुढे, मी मागे. पुलावरून गेलो.

फेस्टस खाटेवर उशांना टेकून बसला होता. त्याचे नाव लिहिले आहे; खोडत नाही. तो फार लहान झाला आहे. वडिलांच्या शेवटच्या आठवड्यात त्यांचे नाक जसे दिसत होते तसे त्याचे नाक दिसते. मी दारात थांबलो. बावीस वर्षांनी त्याचे पहिले शब्द असे होते:

“दार लाव. वारा येतोय.”

मी दार लावले. सरळ टेबलाशी गेलो आणि क्रूस फिरवला. लिंबाची फोड वाळून चामड्यासारखी झाली होती. ती काढली.

“हे चुकीचं होतं,” मी म्हणालो.

“असं होय?”

“तोंड आजाऱ्याकडे हवं.”

“मला काय कळतंय त्यातलं? आपल्या घरात सगळं तुलाच कळायचं.” मग तो बोटे मोजू लागला. “हॉल कधी उघडला रे?”

“रविवारी.”

“आज बुधवार. तीन दिवस.” त्याने नोनीकडे पाहिले. “मी दोन म्हटले होते. तू चार. कुणीच जिंकलं नाही गं.”

“त्यानं पहिल्या दिवशी चष्मा नेला नव्हता,” नोनी म्हणाली. “नाहीतर तू जिंकला असतास.”

ती चुलीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. तेथे धूर फार होतो. हा संवाद मला समजला नाही; आजारी माणसाचे बोलणे मनावर घ्यावयाचे नसते, म्हणून मी अर्थ विचारला नाही.

“बस की,” फेस्टस म्हणाला. “का, फक्त तपासणीला आलायस?”

“मेणबत्त्याही सारख्या उंचीच्या नाहीत,” मी म्हणालो, आणि बसलो.

शुक्रवार, २७ ऑक्टोबर

काल गेलो. आज गेलो. कापसाचे बोळे बदलले, धूळ बसली होती. पाणी बदलले.

मिस फिनेरन खिडकीशी बसून पेन्सिलीने काहीतरी काढत होत्या. ते मोठे चित्र डब्लिनला जाणार, असे त्यांनी सांगितले. तेथील कोणीतरी ते आपल्या जेवणघरात लावणार आहे. जेवणघरात! मी त्यांना म्हणालो की निदान त्या मंडळींना सांगा, हे काय आहे.

“सांगितलं तर ते जेवतील कसे?” फेस्टस म्हणाला.

“पण हे योग्य नाही.”

“राहू दे रे. मी मेल्यावर डब्लिनच्या बंगल्यात राहायला जातोय. तू अजून इथंच.”

मला हसू आले. ते अयोग्य होते, तरी आले.

मंगळवार, ३१ ऑक्टोबर

नोनीने सर्व संतांच्या सणाच्या पूर्वसंध्येचा मनुकांचा पाव केला होता. फेस्टसने एक तुकडा चहात बुडवून घेतला, तेवढाच त्याच्या पोटात राहिला. आज त्यानेच विषय काढला. मी काढणार नव्हतो.

“त्या दिवशी किती वेळ उभा होतास?”

“दोन तास दहा मिनिटं.”

“घंटा घेऊन?”

“घंटा घेऊन.”

“चारच जण होतो रे आम्ही खांदा द्यायला. त्यातले दोघे सत्तरीचे. रस्त्यावर बर्फाची काच झालेली. लांबून गेलो असतो तर परत येताना आणखी एक पेटी आणावी लागली असती.”

“मला कळवायचं होतं. मी खांदा दिला असता.”

“तू कुठं होतास? दुसऱ्या रस्त्यावर!” त्याला धाप लागली. नोनीने पाणी पुढे केले, त्याने हात हलवून नको म्हटले. “कळवायचं होतं म्हणे. पुलावर लॉरी थांबवली मी. तिथून तू दिसत होतास, लोहारशाळेपाशी. टोपीवर गारा साचल्या होत्या तुझ्या. लॉरीच्या टपावर उभा राहून हाका मारल्या. घसा फुटेस्तोवर. बार्टली, बार्टली, इकडे ये.”

“मला ऐकू आलं नाही.”

“कसं येणार? तू घंटा वाजवत होतास ना.”

मिस फिनेरन यांची पेन्सिल थांबली होती.

“तू हे कधी सांगितलं नाहीस,” मी म्हणालो.

“कुणाकडून सांगू?”

मी टोपी उचलली आणि बाहेर आलो. घरी जावयाचे होते. फाटकापर्यंत गेलो आणि मग तेथेच उभा राहिलो, किती वेळ ते सांगता येत नाही. हे माझ्या बाबतीत असाधारण आहे. त्याने मला हाका मारल्या होत्या. बावीस वर्षे मी एका गोष्टीवर घर बांधून राहिलो, आणि ती घडलीच नव्हती. मी परत आत गेलो. फेस्टस डोळे मिटून पडला होता.

“मी मोठ्यानं वाजवत होतो,” मी त्याला सांगितले. “तुम्हाला रस्ता कळावा म्हणून.”

“ठाऊक आहे,” तो म्हणाला. “चांगली वाजवायचास.”

गुरुवार, २ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. तीन मिस्सा ऐकल्या. फादर डेव्हानी यांनी तिन्ही नीट म्हटल्या, हे न्यायाने लिहिले पाहिजे. रविवारी आजाऱ्याचे नाव घ्यावे असे मी त्यांना जाऊन सांगितले. पूर्ण नाव, वाडीसह. ते माझ्याकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, “आभारी आहे, मिस्टर मॅनियन.” आभार कशाचे ते कळले नाही.

फेस्टसने विचारले, त्याला कोणत्या रस्त्याने नेणार. आम्ही त्यावर तासभर वाद घातला. नोनी म्हणाली, एवढा वाद तर शहाणी माणसे जमिनीवरूनही घालत नाहीत. शेवटी ठरले.

बुधवार, ८ नोव्हेंबर

त्याची दाढी केली. त्याचा हात आता वस्तऱ्यापर्यंत उचलत नाही. गालांत खळगे पडले आहेत, त्यामुळे कातडी आतून जिभेने फुगवावी लागते, आणि तेवढीही शक्ती त्याच्यात नाही. मी बोटाने ताणून धरली. एक थेंबही रक्त आले नाही.

“भांग कुठल्या बाजूला पाडतोस?” मी विचारले. मला ते ठाऊक नव्हते. तो काय खातो, कोणत्या बाजूवर झोपतो, कोणत्या गुडघ्यात त्याला कळ येते, यातले मला काहीच ठाऊक नव्हते.

“डावीकडे,” तो म्हणाला. “तुझ्यासारखाच.”

शुक्रवार, १० नोव्हेंबर

काल सकाळी साडेआठला फेस्टस गेला. नोनी आणि मी दोघेही जवळ होतो. मेणबत्त्या पेटवलेल्या होत्या. तो क्रूसाकडे पाहत नव्हता, माझ्याकडे पाहत होता. मी त्याला तसे सांगितले नाही.

आज संध्याकाळी त्याला चर्चमध्ये आणले.

शनिवार, ११ नोव्हेंबर

थंडी. कोरडी हवा. वारा नाही.

दफन झाले. रस्त्याविषयी येथे काही लिहीत नाही. ते आम्हां दोघांत ठरले होते.

चर्चमध्ये मी मागे, घंटेच्या दोरीपाशी उभा राहिलो होतो. घरच्या माणसांसाठी पुढचा बाक असतो; गाव एकेक करून तेथे येते आणि त्यांचा हात धरते. त्यावर मी बसावे की नाही, याचा विचार मी रात्रभर केला होता. ज्याने बावीस वर्षे नाव घेऊ दिले नाही, तो कोणत्या तोंडाने तेथे बसणार? लोकांनी मला ओलांडून नोनीकडे जावे आणि सर्व गावाने ते पाहावे, त्यापेक्षा दोरीपाशी उभे राहणे बरे, असे मी ठरवले होते.

नोनी पुढच्या बाकावरून उठली आणि सर्वांच्या देखत मधल्या वाटेने चालत मागे आली.

“इथं काय करतोयस?”

“मी घंटेपाशी...”

“घंटा आता विजेवर वाजते. चल.”

तिने माझी बाही धरली. मी गेलो. बाक थंड होता. मी समोर पाहत बसलो. मागे पावले वाजू लागली, आणि ती कोणापुढे थांबतात हे पाहण्याचे धैर्य मला झाले नाही.

पाकी पहिला होता. तो माझ्यापुढे थांबला. मी थोरला आहे, म्हणून माझ्यापुढे. त्याने माझा हात धरला.

“तुमच्या दुःखात आम्ही आहोत, बार्टली. फार चांगला होता तुमचा भाऊ.”

मग दुकानदारीण. मग सर्व वाडी, पलीकडचे, अलीकडचे, ज्यांची नावेही मला ठाऊक नाहीत असे लोक. दीडशेच्या वर असतील. एकेकाने हात धरला आणि एकेकाने तेच म्हटले. तुमचा भाऊ. फेस्टसने आमचे छप्पर शाकारून दिले होते. फेस्टस आमच्या आजीला दर रविवारी मिस्सेला घेऊन यायचा. फेस्टस काय हसवायचा हो. ते बोलत होते आणि मी मान हलवत होतो, जणू मला हे सर्व ठाऊक होते.

सर्वांत शेवटी मिस फिनेरन आल्या. त्यांनी माझा हात इतर सर्वांपेक्षा अधिक वेळ धरून ठेवला.

इतक्या लोकांनी हात दाबल्यामुळे माझा उजवा हात सुजला आहे. आजचे अक्षर नेहमीसारखे आलेले नाही, याचे कारण तेवढेच आहे.